विश्लेषण : घोडा घडवायला नऊ वर्षे, पण परदेशी नेणे दुरापास्त... शो-जम्पिंग शिकणाऱ्या मुलींपुढचे खरे अडथळे कोणते?

कुर्ल्यात घोडा दिसतो तो बहुधा लग्नाच्या वरातीत. पण इथल्या एखाद्या मुलीला घोड्यावर बसून अडथळे ओलांडायला शिकायचे असेल, तर भल्या पहाटे उठायचे, कुर्ल्याहून मध्य रेल्वेने दादर, तिथे गाडी बदलून पश्चिम रेल्वेने महालक्ष्मी गाठायचे. रेसकोर्सच्या आवारातील ॲमॅच्युअर रायडर्स क्लब १९४२ पासून मुंबईकरांना घोडेस्वारी शिकवत आहे. तिथवर पोहोचणे हा या प्रवासातला सर्वात सोपा भाग. पुढे घोडा मिळवणे, त्याला घडवणे आणि स्पर्धेच्या मैदानापर्यंत नेणे यातच खेळाडूची उमेदीची वर्षे जातात. आशियाई स्पर्धेत भारताने घोडेस्वारीचे सुवर्ण जिंकले तरी हे चित्र फारसे का बदललेले नाही?

शो-जम्पिंग म्हणजे नेमके काय?

ठरलेल्या मैदानात रंगीत दांड्यांचे दहा-बारा किंवा अधिक अडथळे मांडलेले असतात. स्वाराने ठरलेल्या क्रमाने आणि ठरलेल्या वेळेत ते घोड्यासह ओलांडायचे. दांडी पडली की चार दोषगुण. घोडा अडथळ्यापाशी अडून बसला तर पहिल्या वेळी चार दोषगुण, आणि मोठ्या स्पर्धांत दुसऱ्यांदा अडला की स्वार बाद. स्वार किंवा घोडा पडला तरी बादच. वेळ ओलांडली तर त्याचे दोषगुण वेगळे. सर्वात कमी दोषगुण असणारा जिंकतो. ऑलिम्पिकमध्ये या अडथळ्यांची उंची १.६० मीटरच्या घरात जाते. घोड्याने ओलांडलेली विक्रमी उंची २.४७ मीटर आहे. चिलीच्या कॅप्टन अल्बेर्तो लारागिबेल यांनी वासो या घोड्यावर ५ फेब्रुवारी १९४९ रोजी केलेला हा विक्रम आजही अबाधित आहे. विशेष म्हणजे वासो मूळचा शर्यतीसाठी वाढवलेला घोडा होता.

मुलामुलींसाठी नियम वेगळे असतात का?

नाही. स्त्री आणि पुरुष एकाच यादीत एकमेकांविरुद्ध उतरतात, असे ऑलिम्पिकमध्ये मोजकेच खेळ आहेत. शो-जम्पिंगमध्ये महिलांना हे दार १९५६ मध्ये उघडले. त्या वर्षी ब्रिटनच्या पॅट स्माइथ यांनी सांघिक कांस्य जिंकले.

आपल्या घोड्यासोबत वाढलेल्या मुलीचे सर्वात गाजलेले उदाहरण मात्र मॅरियन कोक्स हिचे. तिचा स्ट्रोलर हा घोडाही नव्हता, १४८ सेंटीमीटरच्या आतला पोनी होता. पोनीच्या गटाचे वय सरल्यावर वडिलांनी तो विकायचा विचार केला, पण मॅरियनने हट्टाने ठेवून घेतला. १९६५ मध्ये याच जोडीने महिलांचे जागतिक विजेतेपद मिळवले आणि १९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये मोठमोठ्या घोड्यांच्या रांगेत उभे राहून वैयक्तिक रौप्य जिंकले. मॅरियन तेव्हा २१ वर्षांची होती. शो-जम्पिंगमध्ये वैयक्तिक ऑलिम्पिक पदक जिंकणारी ती पहिली महिला. या खेळात नुसत्या उंच घोड्यापेक्षा एकमेकांना ओळखणारी जोडी अधिक मोलाची ठरते, हे सांगताना आजही तिचेच उदाहरण दिले जाते.

घोडा तयार व्हायला इतका वेळ का लागतो?

घोडीचा गाभणकाळ सुमारे अकरा महिन्यांचा. शिंगरू साधारण तीन वर्षांचे होईपर्यंत त्याच्यावर कोणी बसत नाही. त्याआधी माणसाचा हात लावून घेणे, खरारा करून घेणे, खूर उचलू देणे, तोंडात लगाम घेणे एवढेच शिक्षण. मग लांब दोरीवर गोल फिरवणे, पाठीवर खोगीर, आणि सर्वात शेवटी स्वार. आपल्याकडे हे काम करणाऱ्याला चाबूकस्वार म्हणत. नाव चाबकाचे असले, तरी काम मुख्यतः धीराचे.

चौथ्या-पाचव्या वर्षी उडीची ओळख होते. सुरुवातीला उडी नसतेच. जमिनीवर ठेवलेल्या दांड्यांवरून घोडा फक्त चालवला जातो, मग दुडक्या चालीने नेला जातो. पाऊल कुठे टाकायचे हे त्याला आपोआप कळू लागले की दांडी वीतभर वर चढते. घोड्याची एक ढांग साधारण बारा फुटांची धरतात. दोन अडथळ्यांमधले अंतर त्या हिशेबाने मांडलेले असते आणि ढांग लांबवायची की आखडायची, हे स्वाराने काही क्षणांत ठरवायचे असते.

यामागे शरीररचनेचेही कारण आहे. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे थेट कपाळासमोरचे आणि नाकाखालचे त्याला दिसत नाही. उडी घेण्याच्या शेवटच्या क्षणी दांडी त्याच्या नजरेआड झालेली असते. म्हणजे तो उडी मारतो ती आधी पाहिलेले आठवून आणि पाठीवरच्या माणसावर विसंबून. हा विश्वास एकदा तुटला, चुकीच्या जागेवरून उडी घ्यायला लावून घोडा आपटला, तर तो परत मिळवायला महिने जातात. म्हणूनच आंतरराष्ट्रीय महासंघाने टोक्यो आणि पॅरिस ऑलिम्पिकसाठी शो-जम्पिंगच्या घोड्याचे किमान वय नऊ वर्षे ठेवले होते.

मग वयाचे गणित कुठे अडते?

आंतरराष्ट्रीय नियमांत १२ ते १४ हा बालगट, १४ ते १८ हा ज्युनिअर आणि १६ ते २१ हा यंग रायडर गट. चौदाव्या वर्षी एखाद्या मुलीने चार वर्षांचा कोरा घोडा हाती घेतला, तर तो नऊ वर्षांचा होईल तेव्हा ती १९ वर्षांची असेल. ज्युनिअर गट मागे पडलेला असेल आणि मधल्या काळात दहावी, बारावी, महाविद्यालयाचा प्रवेश होऊन गेलेला असेल. आधीच तयार असलेला घोडा विकत घ्यायचा तर त्याची किंमत मध्यमवर्गीय घराच्या आवाक्याबाहेर जाते.

महाराष्ट्राला हा भेद नवा नाही. मराठ्यांच्या फौजेत सरकारी पागेतला घोडा मिळणारा तो बारगीर आणि स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार. आजही चित्र तसेच आहे. सैन्यदलातील स्वारांच्या मागे सरकारी पागा असते. शहरातली मुलगी क्लबच्या घोड्यावर शिकते तोवर बारगीर, पण वरच्या गटात खेळायचे ठरले की तिला शिलेदार व्हावे लागते. आणि शिलेदारीचा खर्च रोजचा असतो. पाचशे किलोच्या घोड्याला दिवसाला दहा किलोच्या आसपास चारा-खुराक लागतो, उन्हाळ्यात ४० लिटरपर्यंत पाणी लागते. दर पाच-सहा आठवड्यांनी नालबंदाची फेरी होते. मोतद्दाराचा पगार, तबेल्याचे भाडे, डॉक्टर हे वेगळेच. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे साधी पोटदुखीही जिवावर बेतू शकते. परीक्षा आहे म्हणून घोड्याला सुट्टी देता येत नाही.

शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे हा मार्ग आहे का?

बऱ्याच अंशी आहे, आणि मुंबई-पुण्यासाठी तोच सर्वात जवळचा आहे. शर्यतीचा थरोब्रेड दोन वर्षांचा असतानाच धावू लागतो आणि अनेकांची कारकीर्द काही वर्षांतच संपते. त्यानंतर त्याच्यापुढे उरलेले आयुष्य मोठे असते. पुण्यात पूनावाला कुटुंबाच्या स्टड फार्मवरचे निवृत्त घोडे लसद्रव्यासाठी हाफकिनला दिले जात आणि त्यातूनच १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूटची कल्पना उभी राहिली, हे सर्वश्रुत आहे. असे काही घोडे घोडेस्वारीच्या क्लबांतही येतात.

पण या घोड्याला शिकवण्याआधी बरेच काही विसरायला लावावे लागते. त्याला एकच माहीत असते, लगाम ताणला की अधिक जोरात पळायचे. सुरुवातीचे काही महिने खुराक कमी करून त्याला मोकळे सोडतात. मग थांबायला, शांत चालायला, दोन्ही बाजूंना सारखे वळायला शिकवतात. पायाच्या जुन्या दुखापती तपासाव्या लागतात. चिकाटी असेल तर निकाल मिळतो. अमेरिकेत हॅरी डेलेयर यांनी १९५६ मध्ये कत्तलखान्याकडे निघालेल्या ट्रकमधून ८० डॉलरला स्नोमॅन हा शेतकामाचा घोडा सोडवला. दोनच वर्षांत तो देशातला अव्वल शो-जम्पर झाला.

देशी जातींचे काय?

नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत दरवर्षी घोडेबाजार भरतो. तिथे मारवाडी, काठियावाडी घोड्यांचा रंग, कान, चाल आणि शरीरावरच्या खुणा पाहून भाव ठरतो. उडीसाठी लागणारी मागच्या पायांची ताकद आणि थंड डोके पाहून पिढ्यान्पिढ्या निवड करण्याचे काम युरोपात झाले, आपल्याकडे झाले नाही. दख्खनच्या भीमथडी घोड्याला स्वतंत्र जात म्हणून आता नोंद मिळाली आहे, पण तो काटक घोडा लांब पल्ल्याचा. लहान मुलांना पहिले धडे देण्यासाठी मात्र देशी घोडी उत्तम ठरू शकतात.

आशियाई सुवर्ण जिंकूनही अडचण का?

२६ सप्टेंबर २०२३ रोजी हांगझोऊ येथे सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंह, मुंबईचा हृदय छेडा आणि अनुष अगरवाला यांनी ड्रेसाजचे सांघिक सुवर्ण जिंकले. घोडेस्वारीत भारताला ४१ वर्षांनी सुवर्ण मिळाले. दिव्यकृती पुढे अर्जुन पुरस्कार मिळवणारी या खेळातली पहिली महिला ठरली. पण हे चौघेही सरावासाठी युरोपात राहिले आणि त्यांचे घोडेही युरोपातलेच होते. १९८२ मध्ये स्पर्धा दिल्लीतच होती, त्यामुळे घोडे देशाबाहेर नेण्याचा प्रश्न आला नव्हता.

भारतात वाढलेला घोडा परदेशी स्पर्धेला नेणे रोगनियंत्रणाच्या नियमांमुळे जवळजवळ अशक्य होऊन बसले आहे. ग्लँडर्स, सरा, इन्फ्लुएन्झा यांसारख्या रोगांपासून आपले घोडे मुक्त असल्याची खात्री आयात करणाऱ्या देशांना हवी असते. हे नियम किती कठोर असतात? १९५६ चे ऑलिम्पिक मेलबर्नला झाले, पण घोडेस्वारी स्टॉकहोमला घ्यावी लागली. २००८ मध्ये बीजिंगऐवजी हाँगकाँगला. म्हणजे यजमान देशही यातून सुटले नाहीत.

या बाबतीत ३ जुलै २०२५ रोजी महत्त्वाची घडामोड झाली. मेरठ छावणीतील रिमाउंट व्हेटरनरी कोअरच्या केंद्रातील आवाराला जागतिक पशुआरोग्य संघटनेने अश्वरोगमुक्त म्हणून मान्यता दिली. देशातले हे असे पहिलेच आवार. मात्र ही मान्यता तिथे नियम पाळून ठेवलेल्या घोड्यांपुरती आहे. महालक्ष्मी किंवा तळेगावच्या तबेल्यातला घोडा त्यामुळे आपोआप विमानात चढत नाही.

पुढे काय?

महालक्ष्मीच्या २११ एकरांपैकी १२० एकरांवर आता सार्वजनिक उद्यान होणार असून ९१ एकर टर्फ क्लबकडे राहणार आहेत. नव्या आराखड्यात तबेले आणि सरावाचे मैदान कसे आखले जाते, यावर शहरातल्या मुलांची पहिली पायरी अवलंबून आहे. मुंबईच्या रस्त्यावर १८७४ ते १९०५ घोड्यांच्या ट्राम धावल्या. २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने व्हिक्टोरिया बंद करण्याचा आदेश दिला आणि तो योग्यच होता, कारण त्या घोड्यांचे हाल कुणालाही दिसत होते. पण त्यानंतर सामान्य मुंबईकर मुलाला घोडा जवळून पाहण्याच्या जागा आणखी कमी झाल्या.

क्लबांनी होतकरू स्वारांना काही वर्षांसाठी घोडा सांभाळायला देणे, निवृत्त शर्यती घोड्यांच्या पुनर्प्रशिक्षणाची पद्धतशीर व्यवस्था लावणे आणि मेरठसारखी रोगमुक्त आवारे पश्चिम भारतातही उभारणे, हे तीन उपाय अवघड असले तरी अशक्य नाहीत. तोवर कुर्ल्याहून पहाटे निघणाऱ्या मुलीने कितीही मेहनतीने घोडा घडवला, तरी देशासाठी खेळायची वेळ आली की तिला तो इथेच ठेवून परक्या घोड्यावर बसावे लागेल.