दार्जिलिंगचे प्राणीसंग्रहालय : पिंजऱ्यातून पुन्हा अरण्याकडे

दार्जिलिंगला जाणारे मराठी पर्यटक टायगर हिलचा सूर्योदय, चहाचे मळे आणि छोटी रेल्वे यांसाठी आवर्जून वेळ काढतात. 'पद्मजा नायडू हिमालयन प्राणीउद्यान' मात्र अनेकदा घाईघाईत उरकले जाते. वास्तविक हिमालयातील वन्यजीव समजून घेण्यासाठी याहून उत्तम जागा क्वचितच सापडेल.

या उद्यानाची स्थापना १४ ऑगस्ट १९५८ रोजी झाली. पश्चिम बंगालच्या माजी राज्यपाल पद्मजा नायडू यांचे नाव त्याला १९७५ मध्ये देण्यात आले. सुमारे सात हजार फूट उंचीवर, ६७ एकरांहून अधिक डोंगरउतारावर ते पसरले आहे. हिमबिबट्या, तांबडा पांडा, हिमालयीन लांडगा, हिमालयीन थार असे पर्वतराजीतील प्राणी हेच त्याचे मुख्य आकर्षण. बाहेरची थंडी, धुके आणि झाडी त्यांच्या ओळखीचीच असते. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, त्यांपैकी काहींचे मूळ घर जवळच आहे. त्यामुळे येथे जन्मलेला प्राणी पुन्हा जंगलात धाडता येईल, अशी आशा बाळगता येते.

तांबड्या पांडाच्या बाबतीत ही आशा प्रत्यक्षात उतरली आहे. 'पांडा' हे नाव मूळचे याच प्राण्याचे. चीनच्या काळ्या-पांढऱ्या पांडाची ओळख पाश्चात्त्य शास्त्रज्ञांना पुढे अनेक दशकांनी झाली. बांबूच्या पाल्यावर जगणारा हा लाजाळू जीव जंगलतोडीमुळे आणि शिकारीमुळे संकटात सापडला आहे.

बंदिवासात पिल्ले जन्माला घालणे एवढ्याने काम भागत नाही. मोजक्याच प्राण्यांमध्ये पुन्हा पुन्हा संकर होत राहिला, तर पुढची पिढी दुबळी निपजते. म्हणून प्रत्येक पांडाची वंशावळ नोंदवली जाते आणि जोड्या त्यानुसार ठरवल्या जातात. ही जागतिक नोंद नेदरलँड्समधील रॉटरडॅमच्या प्राणीसंग्रहालयात ठेवली जाते.

२००३ मध्ये 'स्वीटी' आणि 'मिनी' या दोन माद्यांना रेडिओ कॉलर बांधून सिंगालीला राष्ट्रीय उद्यानात सोडण्यात आले. मिनी शिकारी प्राण्याला बळी पडली. स्वीटीने मात्र जंगलातच पिल्लाला जन्म दिला. या प्रयोगात जोखीम किती आणि यश कोणते, हे या दोघींच्या कहाणीतून स्पष्ट होते. पुढे २०२२ ते २०२४ या काळात आणखी नऊ पांडा सिंगालीलात सोडण्यात आले.

तोपकेदारा येथील प्रजनन केंद्र पर्यटकांना पाहता येत नाही. जंगलात परतायचे असेल, तर माणसाची सवय लागून चालत नाही. माणसाला न घाबरणारा प्राणी शिकाऱ्याच्या हाती सहज लागतो. त्यामुळे पर्यटकांना दिसतात ते उद्यानातच राहणारे पांडा. अरण्यात जाणाऱ्यांचे दर्शन होत नाही, यातच या कार्याचे यश सामावलेले आहे.

उद्यान गुरुवारी बंद असते. तेनझिंग नोर्गे यांच्या स्मृती जपणारी हिमालयन गिर्यारोहण संस्था याच आवारात असल्याने दोन्ही स्थळे एका फेरीत पाहता येतात. चढाव बराच असल्याने किमान अर्धा दिवस हाताशी ठेवावा. पांडा झाडावर झोपलेला दिसला, तर हाका मारून त्याला उठवू नये. थोडे थांबून पाहणाऱ्याला तो आपणहून खाली उतरताना दिसण्याची शक्यता अधिक असते.