टाइपरायटरवाल्यांच्या बंदुका

टाइपरायटर, नाणे टाकताच गाणे वाजवणारा जुकबॉक्स आणि पंचकार्डांवर हिशेब करणारे यंत्र, ही यंत्रे बनवणाऱ्या अमेरिकेतील तीन कंपन्यांची नावे एकाच प्रकारच्या बंदुकीवर कोरलेली आढळतात. अंडरवुड, रॉक-ओला आणि आयबीएम ही ती नावे. असे कसे घडले, ते आपण पाहू.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याला हलकी बंदूक हवी होती. विंचेस्टर कंपनीचा आराखडा १९४१ साली स्वीकारला गेला. सुमारे अडीच किलो वजनाची ही 'एम-१ कार्बाइन'. १९४५पर्यंत अशा साठ लाखांहून अधिक कार्बाइन तयार झाल्या. मुख्य कंत्राटदार दहा होते आणि त्यांपैकी युद्धापूर्वी बंदुका बनवणारी कंपनी एकच, ती म्हणजे विंचेस्टर. एकट्या आयबीएमने सुमारे साडेतीन लाख कार्बाइन बनवल्या.

आता प्रश्न असा, की टाइपरायटरवाल्याने बनवलेला घोडा जुकबॉक्सवाल्याने बनवलेल्या बंदुकीत नीट बसेल कशावरून? पूर्वी कारागीर प्रत्येक भाग कानशीने घासून शेजारच्या भागाशी जुळवत असे, त्यामुळे एका बंदुकीचा भाग दुसरीला चालत नसे. फ्रान्समध्ये ओनोरे ब्लाँ याने ही अडचण दूर करण्याचा प्रयत्न केला. १७८५ साली त्याच्याकडील सुट्या भागांतून हाताला येतील ते उचलून थॉमस जेफरसन यांनी स्वतः बंदुकीचे काही चाप जुळवून पाहिले होते.

यामागचे तत्त्व साधे आहे. दोन वस्तू तंतोतंत सारख्या बनवणे अशक्य असते. म्हणून किती फरक चालेल हे आधीच ठरवायचे. कारखान्यात याला 'टॉलरन्स' म्हणतात. समजा, एका छिद्राचा व्यास १०.०० ते १०.०५ मिलिमीटर असलेला चालेल. मग पोलादाच्या दोन दांड्या घ्यायच्या, एक १०.०० मिलिमीटरची आणि दुसरी १०.०५ची. पहिली आत गेली पाहिजे, दुसरी जाता कामा नये. हेच 'गो' आणि 'नो-गो' गेज. यात आकडा वाचावा लागत नाही, त्यामुळे नव्याने कामावर आलेला कामगारही बिनचूक तपासणी करू शकतो. सर्व कारखान्यांचे आराखडे आणि गेज एकाच मापाशी बांधलेले असले, की भाग कोणी बनवला याला महत्त्व उरत नाही. याच बळावर कार्बाइनचे कंत्राटदार एकमेकांना नळ्या आणि इतर भाग पुरवत.

अर्थात, यंत्रे हाताशी असली म्हणजे काम जमतेच असे नाही. आयर्विन-पीडरसन या दहांपैकी एका कंपनीला सैन्याच्या कसोटीला उतरणे जमेना. १९४३ साली तिचे काम मोटारींची स्टिअरिंग गिअर बनवणाऱ्या सॅगिनॉकडे सोपवले गेले. आज मात्र त्या अपयशी कंपनीचे नाव असलेली कार्बाइन संग्राहकांच्या लेखी सर्वांत दुर्मिळांपैकी आहे.

संग्राहक काय पाहतात? मधल्या पोलादी सांगाड्यावर कंपनीचे नाव व अनुक्रमांक असतो. नळीवर बहुधा नाव, महिना आणि वर्ष असते, तर लहान भागांवर 'यू' म्हणजे अंडरवुड, 'बी' म्हणजे आयबीएम अशी खुणेची अक्षरे असतात. पण कारखान्यातून निघाली तशीच राहिलेली कार्बाइन क्वचितच सापडते. युद्धानंतर सैन्याच्या कार्यशाळांत हजारो कार्बाइन सुट्या केल्या गेल्या, भागांचे ढीग झाले आणि हाताला आला तो भाग बसवून बंदुका पुन्हा उभ्या राहिल्या. नेम धरण्याची मागची खाचही बहुतेकींत बदलली गेली. संग्राहकाची ही अडचण म्हणजे अभियंत्याच्या यशाचा पुरावाच होय.

काही जण जुन्या खुणांचे भाग शोधून बसवतात आणि बंदूक 'मूळ रूपात' आणतात. आम्हांला हे योग्य वाटत नाही. सरमिसळ झालेली बंदूक कारखाना, रणांगण आणि दुरुस्ती असा आपला सगळा प्रवास सांगते. सजवलेली बंदूक केवळ पुस्तकातले वर्णन परत ऐकवते. एकदा भाग बदलला, की तो पुरावा पुन्हा मिळत नाही.

वर्गात करण्याजोगा एक प्रयोग सुचवतो. वेगवेगळ्या दुकानांतून एकाच मापाचे दहा नट-बोल्ट आणा. व्हर्नियर कॅलिपरने बोल्टचे व्यास मोजून नोंदवा, आकड्यांत थोडा फरक दिसेल. आता नटांची अदलाबदल करून पाहा. आकडे वेगळे असूनही नट बसतो, तो का, हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्या.