अडीच हजारांचे अठ्ठावीस लाख

1951च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राएवढ्या प्रदेशात बौद्ध म्हणून नोंदलेली माणसं होती जेमतेम अडीच हजार. 1961 साली आकडा निघाला 27 लाख 89 हजार. दहा वर्षांत हजारपटीहून जास्त! छापखान्याने शून्यं वाढवली की काय, असं वाटावं.

मधे 14 ऑक्टोबर 1956 येऊन गेला होता. त्या दिवशी नागपुरात किती जणांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली याचे अंदाज साडेतीन ते पाच लाखांचे. बाबासाहेब आंबेडकरांना त्रिशरण-पंचशील दिलं ते महास्थविर चंद्रमणी यांनी. ते मूळचे ब्रह्मदेशातल्या आराकानचे. म्हणजे महाराष्ट्राचा जुना धर्म महाराष्ट्राला परत मिळाला तो परदेशात जन्मलेल्या भिक्खूच्या हातून.

जुना किती, ते पाहायला कर्जतहून कोंदिवडे गाठावं आणि राजमाचीच्या पायथ्याचं रान चढावं. कोंडाणे लेणी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. कण्हाचा शिष्य बलक याने हे केलं, एवढंच तिथला ब्राह्मी लेख सांगतो. तेव्हा कल्याण-चौलच्या बंदरांतला माल बोरघाट आणि आसपासच्या वाटांनी देशावर चढायचा. त्या काळी हिंदुस्थानच्या व्यापारात रोमची वर्षाला 5 कोटी सेस्टर्स नाणी जातात, अशी रोमन लेखक प्लिनीची तक्रार होती. आज खालापूरच्या टोलनाक्यावर जी गर्दी तुंबते, तिचे पूर्वज म्हणजे हा माल घाटावर चढवणारे व्यापारी. घाट चढून कार्ल्याला गेलं की धेनुकाकटाच्या यवनांनी दान दिलेले खांब दिसतात. त्या दात्यांतल्या एका यवनाचं नावच मुळी ‘धम्म’! परक्या मुलखातून आलेला माणूस इथला धर्म घेतो, खांबावर नाव कोरतो, आणि त्याच्याकडे कुणी दाखला मागितल्याचं तरी लेखात नाही.

1956 नंतर मात्र दाखला आडवा आला. धर्म समुद्र ओलांडून येतो, जातीचा दाखला प्रांताच्या कचेरीतच मिळतो. 1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीत मोजायला हिंदू असणं भाग होतं. शिखांना 1956मध्ये वाट मोकळी झाली. बौद्धांना त्यासाठी 1990 उजाडावं लागलं. घटनेच्या 25व्या कलमाने दिलेलं स्वातंत्र्य बजावल्याबद्दल केंद्राच्या सवलतींवर 34 वर्षं पाणी! तरीही 2011मध्ये देशातल्या 84 लाख बौद्धांपैकी 65 लाख महाराष्ट्रातले निघाले. दलित ख्रिश्चन आणि दलित मुसलमान अजून त्या यादीबाहेरच आहेत.