आल्को : एका डिझेल इंजिनाची चाकरी

मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस कित्येक वर्षे पुण्यात इंजिन बदलत असे. विजेचे इंजिन सुटे व्हायचे, कपलिंग आणि ब्रेकचे पाइप नव्याने जोडले जायचे आणि पुढे लागायचे डिझेल, कारण पुण्याच्या दक्षिणेला विजेच्या तारा नव्हत्या. शिंदवणे आणि आदर्की हे दोन्ही घाट चढवून गाडी मिरजेला पोचवायची ती या डिझेलनेच. रेल्वेच्या कागदावर त्याचे नाव डब्ल्यूडीएम-२. शेडमध्ये त्याला सगळे नुसते ‘आल्को’ म्हणत.

आल्को म्हणजे अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनी. न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडीच्या कारखान्यातून १९६२ मध्ये तिची ही इंजिने भारतात उतरली. सोबत ती इथे बांधण्याचा करारही होता. त्यासाठी वाराणसीत डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्स उभा राहिला. तिथले पहिले इंजिन, ‘कुंदन’, जानेवारी १९६४ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते राष्ट्राला अर्पण झाले. पुढे पाचच वर्षांत, १९६९ मध्ये, मूळ कंपनीने इंजिने बांधणे थांबवले. माहेर बंद पडले, पण वाराणसीत हीच घडण १९९० च्या दशकाच्या अखेरपर्यंत चालू राहिली आणि अडीच हजारांहून अधिक डब्ल्यूडीएम-२ रुळावर आली. परदेशी यंत्र आपल्या हातात इतके मुरल्याची उदाहरणे आपल्याकडे फार नाहीत, म्हणून या इंजिनाविषयी मला विशेष आदर वाटतो.

अंगापिंडाने ते थोराड. वजन सुमारे ११३ टन, ताकद २६०० अश्वशक्ती, वेगाची मर्यादा ताशी १२० किलोमीटर. लांब हुडाच्या पोटात सोळा सिलिंडरचे डिझेल इंजिन. मात्र ते चाकांना थेट फिरवत नाही. ते जनरेटर फिरवते, जनरेटरची वीज सहा ट्रॅक्शन मोटर्सना जाते आणि प्रत्येक मोटर आपापला आस फिरवते. म्हणजे हे चालते-फिरते वीजघरच. इंजिन सुरू करायचे तर हाच जनरेटर बॅटरीवर मोटरसारखा फिरवून सोळाही सिलिंडरना गती द्यावी लागते. बॅटरी बसली तर इंजिन जागचे हलत नाही. म्हणून यार्डात तासन् तास ही इंजिने सुरूच ठेवलेली दिसत. मिनिटाला चारशे फेऱ्यांवर चाललेली ती जड, किंचित लंगडणारी धडधड स्टेशनाबाहेरच्या रस्त्यावरही ऐकू येई.

आल्कोची खरी ओळख त्याच्या धुराची. ड्रायव्हरने नॉच, म्हणजे थ्रॉटलचा टप्पा, वाढवला की छतातून काळाकुट्ट लोट उठे. लोकांना वाटे इंजिन बिघडले आहे. कारण वेगळे होते. सिलिंडरांना हवा पुरवणारा टर्बो एक्झॉस्टच्या जोरावर फिरतो. नॉच वाढवताच डिझेल लगेच वाढते, पण टर्बोला वेग घ्यायला काही सेकंद लागतात. तेवढा वेळ डिझेल जास्त आणि हवा कमी. कंदिलाची वात एकदम चढवली की काच काजळते, तसेच हे. टर्बो वेगात आला की धूर पातळ होतो. जाणता ड्रायव्हर एकेक नॉच देत, ॲमीटरचा काटा पाहत, गाडीचा ताण हळूहळू घेत निघे. आठव्या नॉचला इंजिन मिनिटाला हजार फेऱ्या घेते. घाईने तिथे पोचणाऱ्याची चाके पावसाळी घाटात जागच्या जागी फिरत आणि मग रुळावर वाळू सोडावी लागे.

घाट उतरताना याच मोटर्स उलट कामाला लागत. चाके मोटर्सना फिरवत, त्यातून वीज तयार होई आणि ती रोधकांच्या जाळ्यांत उष्णता होऊन उडून जाई. या डायनॅमिक ब्रेकमुळे ब्रेक-ब्लॉकची झीज पुष्कळ वाचे. ब्लॉक तापून निकामी होण्याचे भयही कमी होई.

ड्रायव्हरला मात्र या इंजिनाने सुख दिले नाही. केबिन एकाच टोकाला. आखूड हुड पुढे असेल तर ठीक. इंजिन वळवून घ्यायची सोय नसली की लांब हुड पुढे ठेवूनच गाडी न्यावी लागे. समोर सारी यंत्रसामग्री, आणि वळणावर सिग्नल एका बाजूच्या माणसाला आधी दिसायचा. ज्याला दिसला त्याने मोठ्याने पुकारायचे आणि दुसऱ्याने तो पुन्हा उच्चारायचा, हा शिरस्ता अशा वेळी जीव वाचवणारा ठरे. त्यात इंजिनाची उष्णता, डिझेलचा वास आणि कानठळ्या बसवणारा आवाज. इतक्या वर्षांत या माणसांच्या केबिनकडे फार उशिरा लक्ष गेले, हे माझे स्पष्ट मत आहे.

इंजिनाचे आयुष्य ठरत असे ते शेडमध्ये. पुण्यात घोरपडीची शेड, मुंबईच्या बाजूला कल्याणची. ठरलेल्या मुदतीने इंजिन शेडमध्ये येई आणि सर्वांत आधी त्याच्या वंगणतेलाचा नमुना प्रयोगशाळेत जाई. तेलात तांबे किंवा शिसे वाढले तर बेअरिंग झिजते आहे. लोखंड आणि क्रोमियम वाढले तर लायनर आणि रिंगा पाहायच्या. सिलिकॉन दिसले तर हवेच्या फिल्टरमधून धूळ आत जाते आहे. इंजिन न उघडता त्याचा आजार कळे. दुरुस्तीनंतर लोड बॉक्सला जोडून जागेवरच पूर्ण ताकद घेऊन पाहत आणि मगच ते गाडीवर जाई. मोठी ओव्हरहॉल परळच्या कारखान्यात होई. अर्ध्या आयुष्यानंतर पुष्कळ इंजिने पतियाळाला जाऊन नव्याने बांधली जात आणि ३१०० अश्वशक्तीची होऊन परतत. एवढे सुटे होणारे आणि एवढे दुरुस्त होणारे यंत्र असल्यामुळेच ही इंजिने दशकानुदशके तगली.

१९९८ मध्ये पूर्ण झालेल्या कोकण रेल्वेवरही याच कुळातली इंजिने राबली. ट्रक लादलेल्या रो-रो गाड्या त्यांनी बोगद्यांतून ओढल्या. २०२२ मध्ये तो मार्ग संपूर्ण विजेवर आला. पुणे-मिरज मार्गावरही तारा चढल्या. वाराणसीच्या कारखान्याने तर आल्को कुळातल्याच दोन डिझेल मालवाहू इंजिनांचे रूपांतर करून विजेचे जोडइंजिन बनवले. ते २०१९ मध्ये समोर आले. पुढच्याच वर्षी कारखान्याच्या नावातून ‘डिझेल’ हा शब्दही गेला. विजेचा निर्णय योग्यच आहे. डिझेलचा खर्च, आयात आणि धूर यांचा हिशेब मांडला की त्यावर वाद उरत नाही.

माझे मागणे एवढेच आहे. वाफेची फेअरी क्वीन रेवाडीच्या शेडमध्ये चालत्या स्थितीत जपली गेली. अमेरिकेहून आलेल्या पहिल्या खेपेतले एक आल्को दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे, पण ते उभे आहे, चालत नाही. घोरपडीत किंवा कल्याणला एक तरी डब्ल्यूडीएम-२ सुरू होणारे, नॉच घेणारे असे राखून ठेवावे. टर्बो खोलून बसवणारे आणि आवाजावरून इंजेक्टर ओळखणारे फिटर आता एकेक करून निवृत्त होत आहेत. ते हाताशी आहेत तोवरच हे काम होऊ शकते. तुमच्या घरात, शेजारी असा कुणी लोको फोरमन किंवा ड्रायव्हर असेल, तर त्याच्याजवळ बसा आणि त्याने सांगितलेले लिहून ठेवा.