पश्चिमेची खिडकी आणि बांबूचा पडदा

मेच्या दुसऱ्या आठवड्यात धाराशिवमध्ये साडेबाराच्या जरा आधी अंगणात काठी उभी केली, तर तिची सावली जवळजवळ नाहीशी होते. शहर १८ अंश उत्तर अक्षांशाच्या किंचित वर वसलेलं आहे आणि त्या दिवसांत सूर्य नेमका डोक्यावरून जातो. मग पुढे जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेकडेच कललेला असतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या खिडकीत ऊन शिरत नाही. छज्ज्याचं काम छज्जा करतो. तरी लोक पडदे घेतात ते आधी दर्शनी खिडकीला, मग तिचं तोंड कुठेही असो.

दुपारनंतर खिडकीतून घर तापतं ते पश्चिमेकडून. संध्याकाळी पाच वाजता सूर्य क्षितिजापासून जेमतेम २५ अंश वर उरलेला असतो. दोन फुटांच्या छज्ज्याची सावली तेव्हा फूटभरही खाली उतरत नाही, आणि ऊन सरळ पलंगापर्यंत पोचतं. चार फूट बाय चार फुटांच्या काचेतून अशा वेळी सातशे वॅटच्या आसपास उष्णता आत येते. साधी घरगुती इस्त्री चालू करून खोलीत ठेवून दिली, तर जेवढी उष्णता होईल तेवढीच. पंखा ही उष्णता बाहेर काढत नाही, तो ती फक्त घोळवतो.

काचेचा स्वभाव इथे महत्त्वाचा. सूर्यप्रकाश काचेतून आरपार जातो, पण तापलेली फरशी, गादी किंवा पडदा जी अवरक्त किरणं सोडतात, त्यांची तरंगलांबी कितीतरी जास्त असते आणि काच ती अडवते. त्यामुळे पडदा खिडकीच्या आत लावला की ऊन काच ओलांडून पडद्यावर पडतं, पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. तोच पडदा बाहेर टांगला तर तापलेल्या पडद्याची उष्णता बाहेरचा वारा घेऊन जातो. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने नागरिकांसाठी दिलेल्या माहितीत हा फरक आकड्यांत आहे: आतून लावलेली चकचकीत पट्ट्यांची झडप पूर्ण बंद ठेवली तर उष्णता सुमारे ४५ टक्क्यांनी कमी होते, आणि पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून उतरती छपरी लावली तर ७७ टक्क्यांपर्यंत. दुकानात पडद्याचा रंग, नक्षी, झालर यांवर तासभर घालवणाऱ्यांनी तो खिळा कुठे ठोकायचा यावर पाच मिनिटं घालवली तरी पुष्कळ झालं.

बाहेर टांगायचा म्हटलं की कापड बाद होतं. ते उन्हाने विरतं, वाऱ्याने फडफडतं आणि पूर्ण झाकलं तर खोलीत दिवसा दिवा लावावा लागतो. बांबूच्या कामट्यांचा चिकाचा पडदा इथे उजवा ठरतो. कामट्यांच्या फटींतून वारा येतो, मऊ उजेड येतो, आणि बांबू उष्णतेचा वाहक म्हणून फारच मंद असल्याने हात लावला तरी पत्र्यासारखा चटका बसत नाही. भिंतीपासून चार-सहा इंच अंतर राखून टांगला तर मधली तापलेली हवा वर चढून निघून जाते. काचेला चिकटवून लावला तर हा फायदा गेला. आणि रुंदी खिडकीइतकीच ठेवू नका. मेमध्ये संध्याकाळचा सूर्य नेमका पश्चिमेला नसतो, तो वायव्येकडे सरकलेला असतो. तिरकं ऊन कडेने आत शिरू नये म्हणून दोन्ही बाजूंना वीतभर पडदा जास्त हवा, उत्तरेच्या बाजूला तर नक्कीच.

माळवदाच्या घरांना हे काही लागत नसे. दोन-अडीच फुटी भिंती, वर मातीचं जाड छत, उजेडाला सवणं, म्हणजे छतातले झरोके, आणि खिडक्या नावालाच. दुपारची उष्णता भिंत ओलांडून आत येईपर्यंत रात्र झालेली असायची. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला आणि उमरगा-लोहारा पट्ट्यात, सास्तूरसारख्या गावांत, त्याच दगड-मातीच्या जड भिंतींखाली माणसं गाडली गेली. पुनर्वसनाच्या नव्या घरांना पातळ भिंती आणि काँक्रिटचं छत मिळालं. तेव्हा जीव वाचवणं आधी होतं, आणि जुन्या घरांच्या थंडाव्याचे गोडवे गाताना हे विसरता येत नाही. मात्र पातळ भिंत आणि मोठी खिडकी म्हटलं की ऊन अडवायचं काम भिंतीकडून काढून दुसऱ्या कुणाला तरी द्यावं लागतं. भूकंप न झालेल्या गावांतही आता स्लॅबचीच घरं बांधली जातात, त्यामुळे हा प्रश्न सगळ्या जिल्ह्याचा झाला आहे.

छताच्या बाबतीत मात्र पडदा हतबल आहे. डोक्यावरचा सूर्य दिवसभर स्लॅब भाजतो, त्यावर उपाय चुन्याचा पांढरा हात किंवा वर मांडव. चार खिडक्यांना चिक लावून उघडा काळा स्लॅब तसाच ठेवला, तर अपेक्षाभंग होणार.

पडद्यावर पाणी मारण्याची हौस अनेकांना असते. विज्ञान त्या बाजूचं आहे: एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते. बाहेर ४० अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असेल, तर ओल्या पडद्यातून येणारी हवा तत्त्वतः २२-२३ अंशांपर्यंत उतरू शकते. कोकणात ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रतेला हीच युक्ती पाच-सहा अंशांच्या घटीवर थबकते. मराठवाड्याची कोरडी हवा यासाठी उत्तमच, फक्त पाणी नाही. मेमध्ये टँकरची वाट पाहणाऱ्या गावाला खिडकीवर पाणी ओता असं सांगायला तोंड होत नाही. शिवाय बांबूची साल पाणी धरत नाही. ओल राहते ती दोऱ्यात आणि सांध्यात, आणि तिथे बुरशी येते. ओलं करायचंच असेल तर वाळ्याचा पडदा किंवा गोणपाट वेगळं लावावं. चिकाचं काम कोरडं राहून सावली देण्याचं आहे, आणि पाणी-वीज न लागता होणारं हे काम या जिल्ह्याला परवडणारं आहे.

घ्यायचा कुठून? तुळजापूरला देवीच्या परड्या लागतात, गावोगाव सुपं आणि डालगी लागतात, म्हणून जिल्ह्यात बुरूडकाम अजून टिकून आहे. मापाप्रमाणे पडदा विणून घेता आला तर बाजारातल्या काडीसारख्या बारीक पडद्यापेक्षा तो जास्त वर्षं पुरतो. विचारायचं ते एवढंच, की बांबू कधी तोडलेला आहे. बांबू गवताच्या कुळातला. कोंब जमिनीतून वर येतो तेव्हाच त्याची जाडी ठरलेली असते, पण लाकूड पक्कं व्हायला तीन-चार वर्षं लागतात. कोवळ्या बांबूत स्टार्च भरपूर आणि भुंगेऱ्यांना तेच हवं असतं. कामट्यांवर टाचणीएवढी भोकं आणि खाली पांढरं पीठ दिसलं की समजावं, जेवण सुरू झालं आहे. पावसाळा सरल्यावर तोडलेला, काही आठवडे पाण्यात भिजवून वाळवलेला किंवा बोरॅक्स-बोरिक अ‍ॅसिडच्या द्रावणात मुरवलेला बांबू त्यातून वाचतो. सालीची बाजू बाहेर, उन्हाकडे ठेवावी; तिच्यात सिलिका असते आणि ती जास्त टिकते.

दिवसा बाहेरून आत दिसत नाही, म्हणून लोक निर्धास्त होतात. ते उजेडाचं गणित आहे: उन्हात उजळलेल्या कामट्यांपुढे आतली अंधारी खोली डोळ्यांना दिसत नाही. रात्री आत दिवा लागला की गणित उलटतं आणि रस्त्यावरच्याला सगळं दिसतं, त्यासाठी आतून साधा कापडी पडदा हवाच. तो रात्री ओढा, पण सूर्य मावळताच चिक गुंडाळून खिडक्या उघडा. कोरड्या निरभ्र रात्री भिंती आपली उष्णता झपाट्याने सोडतात, त्यांना अडवायचं कारण नाही. वळवाचा वारा सुटायच्या आत गुंडाळलेला पडदा वर बांधून टाका. दोरी लोंबती ठेवू नका, लहान मुलाच्या गळ्यात तिचा फास बसू शकतो; तिच्यासाठी उंचावर एक आकडी ठोकून घ्या.