मे महिन्यातली टर्फची शिलाई

पहाटे ५

अकोल्यात मे महिन्यात टर्फचं, म्हणजे नकली गवताच्या कार्पेटचं, काम करायचं तर दिवस पाचलाच सुरू करावा लागतो. बॉक्स क्रिकेटवाले मध्यरात्र उलटल्यावर घरी जातात आणि नऊ वाजता ऊन अंगावर येतं. मधले तेवढेच तास आपले. जाळीचं दार उघडलं की मी आधी चपला काढतो आणि अनवाणी फिरतो. खड्डा डोळ्याला फसवतो, पायाला नाही. मग दहा फुटी ॲल्युमिनियमची पट्टी आडवी टाकायची. आज कडुनिंबाच्या बाजूला पट्टीखाली दोन बोटं पोकळी आहे. पिण्याच्या नळाच्या कोपऱ्यात तीच पट्टी डुगडुगते, कारण तिथे जमीन वर आली आहे. मालकाचं निदान तयार आहे : कार्पेट हलकं निघालं. कार्पेटला काहीही झालेलं नाही.

साडेपाच

निंबाकडचा जोड उसवलाय. आधी वाळू आणि रबराचे काळे दाणे ताठ ब्रशने उकरून गोणीत भरायचे. हाच माल परत टाकायचा असतो, म्हणून त्याला माती लागू द्यायची नाही. कार्पेट उलटवून पाठीकडून, टाक्यांच्या दोन ओळींमधून ब्लेड चालवायचं. वरून कापलं की पाती तुटतात आणि तो पट्टा कायमचा टकला दिसतो. कार्पेट गुंडाळलं तर खाली चुरी बसलेली, खडी विस्कटलेली आणि खडीखाली भेग. सळई घातली, कोपरापर्यंत आत गेली.

ही वऱ्हाडची कपाशीची माती. तिच्यातल्या मॉन्टमोरिलोनाइट या खनिजाच्या पापुद्र्यांत पाणी शिरलं की ती फुगते, पाणी गेलं की आकसते. शेतात या भेगा चांगल्याच, मोकळ्या रानाला काय. इथे वर चिकटवलेलं कार्पेट आहे. निंबाच्या मुळांनी ओल ओढली म्हणून ही बाजू खचली, नळ गळतो म्हणून तो कोपरा फुगला आणि मधल्या ताणात जोडाने मान टाकली.

साडेसहा

हाताखालचं पोरगं विचारतं, "दादा, भेगेत वाळू ओतून बुजवून टाकू का?" नाही. पावसाळ्यात माती फुगणार, भेग मिटू पाहणार आणि आत वाळू अडून बसलेली. मग जमिनीला वर येण्यावाचून जागा उरत नाही. त्यापेक्षा भेगेच्या दोन्ही अंगांनी दीड फूट खोल काळी माती काढून टाकायची आणि मुरूम भरायचा. न फुगणाऱ्या मातीचा थर देऊन काळ्या मातीला आवरायचा उपाय आयआयटी मुंबईच्या प्राध्यापक कट्टींनी कालव्यांसाठी मांडला होता. आमचं काम त्याचंच धाकटं रूप.

मुरमाला पाणी किती, हे मुठीत कळतं. मूठ दाबली की लाडू वळला पाहिजे, पण तळहात ओला होता कामा नये. सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थरावर प्लेट कॉम्पॅक्टर. वर जिओटेक्स्टाइल कापड, खडी, चुरी, पुन्हा पट्टी. घाईत लोक एकच जाड थर टाकतात. वरून तो दगडासारखा लागतो आणि खाली पोकळ राहतो.

११

काम बंद. हवा ४४ अंश, आणि तापमानाची बंदूक टर्फवर रोखली तर आकडा सत्तरीकडे. काळे दाणे ऊन पितात. पाणी मारलं तर घटकाभर गार वाटतं, एवढंच. शिवाय ते पाणी शेवटी त्याच मातीत.

निंबाखाली भाकरी, ठेचा, कांदा. हे नकली गवत जगभर गाजलं ते ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोममध्ये, १९६६ साली, आणि तिथे डोक्यावर छत होतं. आपण ते वऱ्हाडच्या उन्हात, काळ्या मातीवर अंथरलं. मग तक्रार कार्पेटची.

३

मालक येतो. "भाऊ, रात्री आठची मॅच हाये, तेवढ्यात चिकटवून देजा." भर दुपारी चिकटवणं म्हणजे पैसे मातीत. दोन घटकांचं पीयू ग्लू या उन्हात पसरायच्या आधीच डब्यात आवळतं. कार्पेटही तापून वाढलेलं असतं. आता मापाने कापलं तर रात्री आखडून जोडात फट पडणार. म्हणून जोडाशी बसवायचा नवा तुकडा सावलीत मोकळा पसरून ठेवलाय. मॅच बंद म्हटल्यावर मालकाचा चेहरा उतरतो. त्याचं खोटं नाही, उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या रात्रींवरच त्याचं वर्ष निघतं.

साडेसहा, संध्याकाळ

खरी शिलाई आता. तुकड्याच्या पात्यांचा कल जुन्या कार्पेटशी जुळवायचा, नाहीतर एकाच हिरव्याच्या दोन छटा दिसतात. जोडाखाली टेप, त्यावर दातेरी पट्टीने ग्लू, दोन्ही कडा हलकेच खाली. कडांमध्ये फट दोन-तीन मिलिमीटर. पाती बोटांनी मागे सारत जायचं. एक जरी ग्लूत अडकली तर ती पुन्हा उभी राहत नाही. मग जोडावर वाळूच्या गोण्या. सकाळपर्यंत कुणी पाय ठेवायचा नाही, दाणेही उद्याच.

साडेआठ

नळाचा वायसर बदलायला सांगितलाय, आणि जाळीबाहेर पाणी वाहून नेणारी नाली मृगाच्या आधी खोदायला. नाली नाही तर निदान कडेच्या मातीत उभं प्लास्टिक गाडा, ओल आतबाहेर करणार नाही. मालक "पाहू" म्हणाला. बिलावर मी जोडाची हमी लिहून दिली. जमिनीची नाही, ती नळ बंद आणि नाली सुरू झाल्यावरच मिळेल.