शस्त्रक्रियेपूर्वीचा रक्तदाब : एक आकडा आणि अनेक नोंदी

अकोला शहरातील जठारपेठेत राहणाऱ्या साठीच्या एखाद्या गृहस्थास अंतर्गळाची शस्त्रक्रिया करून घ्यावयाची आहे, असे समजू. रात्रभर त्यास झोप नाही, पोटात अन्न नाही, आणि शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी त्याचा रक्तदाब १८६/१०४ भरतो. शस्त्रक्रिया करावी की पुढे ढकलावी? ह्या प्रश्नाचे उत्तर त्या एका आकड्यात सापडत नाही. ते मागील काही महिन्यांच्या नोंदींत असते. तेल्हारा किंवा पातूर तालुक्यातून आलेल्या शेतकऱ्याच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिकच बिकट होतो. शस्त्रक्रिया लांबली म्हणजे पुन्हा प्रवासखर्च आला, सोबतच्या माणसाची मजुरी बुडाली; आणि त्यातच पेरणीचे किंवा कापूसवेचणीचे दिवस आले की उपचार महिनोन्महिने मागे पडतो.

हृदयाच्या आकुंचनाच्या वेळी रोहिण्यांच्या भित्तींवर पडणारा दाब हा वरचा आकडा आणि प्रसरणाच्या वेळी राहणारा दाब हा खालचा आकडा होय. दोन्ही पाऱ्याच्या मिलिमीटरांत सांगण्याची रीत आहे. दंडास पट्टा बांधून दाब मोजण्याचे सुटसुटीत साधन इटलीतील रिवा-रोची ह्यांनी १८९६ मध्ये सिद्ध केले. १९०१ मध्ये अमेरिकन शल्यविशारद हार्वे कुशिंग ह्यांनी ते पाव्हिया येथे पाहिले आणि मायदेशी नेऊन शस्त्रक्रियेच्या वेळी वापरावयास आरंभ केला. १९०५ मध्ये रशियातील कोरोत्कोव्ह ह्यांनी नाडीवर श्रवणनलिका ठेवून ऐकू येणाऱ्या ध्वनींचे वर्णन केले, तेव्हापासून खालचा आकडाही भरवशाने मोजता येऊ लागला. अशा रीतीने रक्तदाबमापन व शस्त्रक्रिया ह्यांचा संबंध सव्वाशे वर्षांचा आहे.

उच्च रक्तदाबाच्या रुग्णास भूल देताना धोका दोन्ही बाजूंनी असतो. श्वासनलिकेत नळी घालतेवेळी दाब एकाएकी उसळतो, तर भुलीचा अंमल बसल्यावर अथवा कण्यात सुई देऊन कमरेखालचा भाग बधिर केल्यावर तो झपाट्याने उतरतो. ज्याचा दाब वर्षानुवर्षे चढलेला आहे, त्याच्या मेंदूतील सूक्ष्म रोहिण्या त्या चढ्या दाबाला सरावलेल्या असतात. इतरांस सहज सोसणारी घट त्यास सोसत नाही. मेंदू, हृदय व मूत्रपिंडे ह्यांना रक्त अपुरे पडते. वऱ्हाडातील वैशाखाच्या उन्हात घामावाटे शरीरातील पाणी घटलेले असेल, त्यावर उपवास घडला असेल आणि लघवी वाढविणारी गोळीही घेतलेली असेल, तर ही घट अधिकच तीव्र होते. म्हणून रुग्णाचा नेहमीचा दाब किती, हे भूलतज्ज्ञास आधी ठाऊक असावे लागते. शस्त्रक्रियेच्या वेळी दाब कोठवर राखावयाचा, हे त्यावरूनच ठरते.

नेहमीचा दाब कळण्यासाठी मापन शुद्ध हवे. रुग्णाने पाच मिनिटे स्वस्थ बसावे. पाठ टेकलेली, पावले जमिनीवर आणि दंड हृदयाच्या पातळीवर असावा. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, विडी किंवा खर्रा घेऊ नये, आणि लघवी करून घ्यावी. जाड दंडास लहान पट्टा बांधल्यास आकडा खोटाच चढा येतो. प्रथम भेटीत दोन्ही दंडांचा दाब पाहावा आणि ज्यात तो अधिक भरेल, तोच दंड पुढे वापरावा. रुग्णालयाच्या नुसत्या दर्शनाने काहींचा दाब चढतो. त्यांच्या बाबतीत घरच्या नोंदी विशेष मोलाच्या ठरतात. दंडाच्या स्वयंचलित यंत्राने चार ते सात दिवस, सकाळी दोनदा व सायंकाळी दोनदा मोजून, पहिल्या दिवसाचे आकडे वगळून सरासरी काढावी. घरी भरलेली १३५/८५ ही सरासरी दवाखान्यातील १४०/९० च्या बरोबरीची मानतात. नाडी अनियमित असल्यास मात्र अशा यंत्रावर विसंबू नये.

ह्या नोंदींचा प्रत्यक्ष उपयोग कसा होतो, हे ब्रिटनमधील भूलतज्ज्ञांच्या व रक्तदाबतज्ज्ञांच्या संस्थांनी २०१६ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनावरून ध्यानात येते. तातडीची नसलेली शस्त्रक्रिया असेल आणि मागील बारा महिन्यांत दवाखान्यात नोंदविलेला दाब १६०/१०० च्या खाली असेल, तर पुढे जाण्यास हरकत नाही. अशी नोंदच नसेल, तर पूर्वतपासणीत दाब १८०/११० च्या खाली असावा. आता आरंभीच्या गृहस्थाकडे पुन्हा पाहू. त्याच्याजवळ १४८/८८ ची नोंद असेल, तर दाराशी भरलेला आकडा बहुतांशी भीतीचा आहे, असे मानावयास आधार मिळतो. कागद नसेल, तर तोच आकडा त्यास घरी परत पाठवितो. आतडे अडकणे किंवा अडलेली प्रसूती अशा प्रसंगी अर्थातच थांबता येत नाही.

ऐन वेळी औषध देऊन आकडा खाली आणावा, हा मार्ग मोहक असला तरी निर्धोक नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पॉइज’ ह्या अभ्यासात ८,३५१ रुग्णांचा समावेश होता. त्यांपैकी ज्यांना शस्त्रक्रियेच्या काही तास आधी मेटोप्रोलॉल सुरू केले, त्यांच्यात हृदयविकाराचे झटके घटले, परंतु पक्षाघात व मृत्यू वाढले. उलटपक्षी, हेच औषध पूर्वीपासून चालू असेल तर ते एकाएकी बंद करणेही घातक असते, क्लोनिडीनचेही तसेच. ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ अशा अंत्याक्षरांची औषधे मात्र पुष्कळदा चोवीस तास आधी थांबविण्यात येतात. कोणती गोळी घ्यावयाची व कोणती नाही, हे भूलतज्ज्ञाने सांगावयाचे असते. त्यासाठी रुग्णाने आपल्या सर्व गोळ्या त्यास दाखविल्या पाहिजेत.

अकोल्यास २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. परंतु शस्त्रक्रियेची सिद्धता मोठ्या रुग्णालयात नव्हे, तर गावच्या आरोग्यकेंद्रात व पेठेतील दवाखान्यात आधीच व्हावयास हवी. तारीख ठरताच तेथे दाब मोजला जावा, तो चढा असल्यास काही आठवडे धीराने उपचार व्हावेत, आणि प्रत्येक आकडा तारखेसह वहीत उतरावा. ती वही शस्त्रक्रियेच्या दिवशी रुग्णाच्या पिशवीत असली, म्हणजे दाराशी भरलेल्या एका आकड्याला योग्य तेवढेच महत्त्व मिळते.